कोळशातलं मंगळुरी कौल

गुंडू हुक्केरीकर बंगळुरात पोटासाठी कोळसा जाळायचा. इस्त्रीवाला जाळतो तसा पाटीभर नाही. एका वेळी एक ग्रॅम, तोही काट्यावर चार दशांश स्थळांपर्यंत तोलून. महादेवपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, स्क्रू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीला चिकटून, जयतीर्थांची इंधन तपासायची प्रयोगशाळा होती. तिथं गुंडू बारा वर्षं टिकला होता आणि आजवरच्या त्याच्या नोकऱ्यांतला हा विक्रम होता.

काम असं की कोळशाची पूड करायची, तिची वडी दाबायची, जाड पोलादी भांड्यात ठेवायची, आत ऑक्सिजन कोंबायचा, झाकण आवळायचं, भांडं पाण्यात बुडवायचं आणि तारेतून ठिणगी द्यायची. पाणी किती तापलं यावरून कोळशात किती दम आहे ते कळतं. या भांड्याला त्या धंद्यात सगळे सरळ ‘बॉम्ब’ म्हणतात. गुंडूची सासू निपाणीत हौसेनं सांगत सुटली, “आमचा जावई बंगळुरात रोज बॉम्ब उडवतोय.” तिसऱ्या दिवशी हवालदार दारात. सासूनं त्याला चहा पाजला आणि जावयाचा फोटो दाखवला. फोटो बघून हवालदाराची खात्री पटली, की या माणसाच्या हातून काही व्हायचं नाही.

फोटोत दिसायचा तसाच तो होता. बुटका, गोल, कानावर पेन्सिल. पन्नाशीला आला तरी केस काळेभोर, कोणता कलप लावता म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायचा, “कलप कसला? कोळशाची पूड. आंघोळ केली की म्हातारा होतो.”

दोष एकच. बॉम्बला झाकण होतं, गुंडूच्या तोंडाला नव्हतं. पहिली नोकरी बिस्किटाच्या कारखान्यात. मालकानं पाहुण्यांसमोर विचारलं, “काय गुंडू, आपल्या बिस्किटात ग्लुकोज किती?” गुंडू म्हणाला, “शोधतोय साहेब. अजून एक पगारवाढ झाली की सापडेल.” दुसरी नोकरी सिमेंटच्या कंपनीत होती. तिथं काय बोलला ते त्याची बायको मालन कुणाला सांगू द्यायची नाही, इतकं ते वाईट होतं. मालन घरी ब्लाउज शिवायची. शिलाई मशीनला मोटर होती आणि पायटाही होता, कारण ते शहाण्णव साल होतं आणि बंगळुरात वीज पाहुण्यासारखी यायची, न सांगता, आणि चहा व्हायच्या आत निघून जायची.

सारं शहर तेव्हा एकाच विषयावर भांडत होतं. दर्शिनीत उभ्यानं इडली खाणारा माणूससुद्धा तावातावानं सांगायचा, की वीज कशावर केली पाहिजे. कुणी म्हणायचा पाण्यावर, फुकट आहे. तर दुसरा म्हणायचा, धरणात आहे कुठं पाणी? कुणी म्हणायचा अणू फोडा, तर त्याला विचारलं जायचं, तुझ्या घराशेजारी फोडू का? कोळसेवाले म्हणायचे कोळसा आपला, देशातला. त्यावर रेल्वेत क्लार्क असलेला एखादा गृहस्थ म्हणायचा, कोळसा आहे हो, तो आणायला वाघिणी कुठायत?

या गलबल्यात एक कंपनी उतरली. नाव संस्कृत, पैसा परदेशी. तिचं म्हणणं, सर्जापूर रोडच्या पुढं, शेतं आणि निलगिरीची झाडं आहेत तिथं, आम्ही नाफ्थ्यावर चालणारं वीजकेंद्र उभं करतो. नाफ्था म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. तेल शुद्ध करताना निघतो, पाण्यासारखा पातळ, राख शून्य. महाग असतो, पण इतका काही नाही, असं कंपनी म्हणत होती. कोळसा स्वस्त पडतो की नाफ्था, हे ठरवायला समिती बसली. समितीला अहवाल हवा होता, अहवालाला आकडे हवे होते, आणि आकडे काढायचं काम फिरत फिरत गुंडूच्या काट्यापाशी आलं.

आकडे मागायला आली ती शाल्मली. पुण्याची, सत्ताविशीची, सल्लागार कंपनीत नोकरीला, बंगळुरात येऊन सात महिने झालेली.

“हॅलो सर, रिपोर्टचं फ्युएल चॅप्टर माझ्याकडे आहे. बेसिकली आम्हाला दोन्ही फ्युएल्सच्या हीट व्हॅल्यूज हव्यात. फ्रायडेपर्यंत जमेल ना?”

“मराठी होय तुम्ही?” गुंडूचा चेहरा उजळला. “मग आधी बसा की. शुक्रवार काय पळून जात नाही. दर आठवड्याला येतोच.”

“सर, डेडलाइन फार टाइट आहे.”

“इथं सगळंच टाइट आहे. ते भांडं बघा, टाइट नसलं तर आपण दोघंबी छताला.”

शाल्मलीनं भांड्याकडे बघितलं आणि स्टूल दोन हात मागं सरकवलं. मग तिनं समजावलं, की नाफ्थ्याची बाटली तिनं आणलीच आहे, आणि कोळसा उत्तरेकडच्या एका औष्णिक केंद्राच्या ढिगावरून येईल; तो आणून द्यायची जबाबदारी कंपनीनं आपण होऊन घेतली आहे.

“कोण, नाफ्थावाल्या कंपनीनं?” गुंडूनं विचारलं. “नवरदेवाची पत्रिका बघायला दुसऱ्या नवरदेवाकडं दिली म्हणा की.”

शाल्मली हसली, पण तिच्यासाठी गाडी थांबलेली होती. ती गेली.

दोन दिवसांनी कंपनीच्या जीपमधून सीलबंद पोतं आलं. गुंडूनं रीतीप्रमाणे माल फरशीवर ओतला, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन घेतले, उरलेले परत पोत्यात भरले. घेतलेल्याची पूड केली, वडी केली, बॉम्ब उडवला. दर किलोला दोन हजार तीनशे कॅलरी. पुन्हा उडवला, तरी दोन हजार तीनशेच. आपला कोळसा गरीब असतो, निम्म्याला राख असते, हे गुंडूला पाठ होतं. पण इतका गरीब? याला जाळण्यापेक्षा याच्यावर घर बांधलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून त्यानं पोत्यात उरलेला माल फरशीवर पालथा केला आणि उकिडवा बसून निवडायला लागला. मालन तांदूळ निवडायची तसा. कोळशात दगड असतात, पण ते करडे, पापुद्र्यांचे, खाणीतून कोळशाबरोबरच आलेले. हे दगड चमकत होते. बंगळुराच्या कुठल्याही खडीच्या ढिगावर मिळतात तसे, कडक, गुलाबी झाक असलेले. आणि मग त्याच्या हाताला लाल तुकडा लागला. त्यानं तो धोतराच्या चिंधीनं पुसला. एका बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं होती. पुढचं तुटलेलं, शेवटचं ‘लोर’ एवढंच शिल्लक.

मंगळुरी कौल!

गुंडू फरशीवर बसल्या बसल्या हसायला लागला. टायपिस्ट पवित्रा धावत आली. तिला वाटलं गॅस चढला.

“अण्णा, एन आयतु?”

“काही नाही झालं, पवित्रा. खाणीत घर सापडलं.”

त्यानं सगळं निवडून तोललं. खडी एकोणतीस टक्के, कौलाचे तुकडे पाच टक्के. उरलेला खरा कोळसा जाळला, तर साडेतीन हजारांच्या जवळ गेला. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि शाल्मलीच्या अहवालात धरलेल्या दरांनी हिशेब मांडला. पोत्यातल्या मालावर वीज केली, तर नुसतं इंधन युनिटला एक रुपया एकेचाळीस पैसे. नाफ्थ्याला एक रुपया चौदा. म्हणजे नाफ्था जिंकला. पण खऱ्या कोळशाला फक्त त्र्याण्णव पैसे. कुणीतरी दोन घमेली खडी आणि एक फुटकं कौल टाकून अख्ख्या राज्याचा कोळसा अठ्ठेचाळीस पैशांनी महाग केला होता. इतक्या थोड्या सामानात एवढं मोठं बांधकाम गुंडूनं पाहिलं नव्हतं.

तो कौल घेऊन जयतीर्थांच्या खोलीत गेला. जयतीर्थ धारवाडचे, सज्जन, भित्रे. कौलाकडं त्यांनी साप बघावा तसं बघितलं.

“गुंडू, नमुना जसा आला तसा तपासायचा. आत काय आहे हे विचारणारे आपण कोण?”

“आपण प्रयोगशाळा, सर. आपला धंदाच तो.”

“सरी, सरी. पण स्वल्प सांभाळून. ही माणसं मोठी आहेत. तू बोलू नकोस कुठं.”

संध्याकाळी घरी गेला तर वीज नव्हती आणि मालन पायट्यावर मशीन हाणत होती. त्यानं सगळं सांगितलं. मालननं पाय थांबवला नाही.

“तुम्ही बोललात की नोकरी जाते. आजवर लिहिल्यामुळं गेलीय का कधी?”

गुंडूनं आठवून बघितलं. “न्हाई बा.”

“मग लिहा. आणि तोंड मिटून बसा.”

इतका सोपा उपाय वीस वर्षांत कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं अहवाल लिहिला. वर मोठा आकडा, दोन हजार तीनशे, नमुना जसा आला तसा. खाली नेहमीचा तक्ता: ओलावा, राख, जळताना उडून जाणारे वायू, कार्बन. त्याखाली त्यानं दोन ओळी वाढवल्या. बांधकामाची खडी, एकोणतीस टक्के. मंगळुरी कौल, पाच टक्के. त्याखाली, हे दोन घटक वगळल्यास तीन हजार चारशे ऐंशी.

पवित्रानं टाइप करता करता मान वर केली. “अण्णा, हे कौल खरंच टाइप करू?”

“कॅपिटल अक्षरात कर.”

तो गुरुवार होता. जयतीर्थांना मठात जायचं होतं आणि प्रसादाची वेळ निघून चालली होती. त्यांनी वरचा आकडा बघितला, हुश्श केलं आणि सही ठोकली. अहवाल शाल्मलीच्या ऑफिसात गेला. तिनं वरचा आकडा उचलून आपल्या प्रकरणात घातला, आणि बाकीचा कागद तीनशे बारा पानांच्या बाडाच्या शेवटी, परिशिष्ट सात म्हणून, शिवला गेला. बाडाच्या साठ प्रती निघाल्या. साठ साहेबांनी त्या घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या. काहींनी त्यावर चहाचे कप ठेवले. परिशिष्ट सात कुणी वाचलं नाही.

महिन्यानं समितीची जाहीर बैठक भरली, सकाळी अकराला, एका सरकारी सभागृहात. गुंडूला जयतीर्थांनी शेवटच्या रांगेत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले, जामीन राहावं तसे. मंचावर अध्यक्ष हयवदन राव होते. सत्तरी ओलांडलेले निवृत्त इंजिनियर, ज्यांना कुठल्याही सरकारी समितीवर नेमताना लोक दोनदा विचार करायचे, कारण ते दिलेले कागद वाचायचे. बाड मात्र त्यांच्या हातात त्याच सकाळी पडलं होतं. ते उशिरा का पाठवलं गेलं, हे कुणी सांगितलं नाही.

कंपनीतर्फे पद्मनाभ नावाचे उंच, सुगंधी गृहस्थ उभे राहिले. पडद्यावर रंगीत चित्रं टाकत ते इंग्रजीत बोलत होते. कोळशाचा खांब काळा आणि उंच, नाफ्थ्याचा निळा आणि बुटका. “सज्जनहो, आकडे स्वतः बोलतात,” ते म्हणाले, आणि वीज गेली.

पडदा गेला, पंखे गेले, खांब गेले. सभागृहाला जनरेटर होता. तो सुरू करायला गेलेला माणूस परत आला आणि म्हणाला, डिझेल नाही. वीज कशावर करावी हे ठरवायला जमलेली दोनशे माणसं वह्यांनी वारा घेत बसली. पद्मनाभ हातातली चित्रं उजेडात धरून दाखवायला लागले, पण शेवटच्या रांगेतून ती लग्नपत्रिकेसारखी दिसत होती.

हयवदन रावांनी खुर्ची खिडकीपाशी सरकवली, बाड उघडलं आणि सवयीनं मागून वाचायला लागले. दहाएक मिनिटं गेली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“मिस्टर पद्मनाभ, परिशिष्ट सात. तुमच्या कोळशात पाच टक्के मंगळुरी कौल कसं?”

सभागृहात कुठूनतरी हसण्याची एक फुसकुली निघाली, आणि मग सगळंच फुटलं. पंखे बंद असल्यामुळं हसू फार मोठ्यानं ऐकू येत होतं.

“टायपिंगची चूक असेल, सर,” पद्मनाभ म्हणाले.

“कशाच्या जागी?” हयवदन रावांनी विचारलं. “कौल कशाच्या जागी टाइप होतं?”

मग त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. “हे लिहिणारा इथं आहे का?”

जयतीर्थांनी गुंडूचा शर्ट मागून धरला. गुंडू शर्टासकट उभा राहिला. कानडीत, हुक्केरीच्या हेलात म्हणाला, “मी लिहिलं, सर. टायपिंग बरोबर आहे, कौल चूक आहे. खाणीतल्या कोळशाला छप्पर नसतं. दगड बंगळुराचे आहेत. हे पोतं ढिगावरनं निघालं असंल, खरं वाटेत कुणीतरी त्याचं घर बांधलंय. तुम्ही नाफ्था घ्या नाहीतर शेणाच्या गोवऱ्या घ्या, माझं काही म्हणणं नाही. खरं बॉम्बला खोटं बोलायला लावू नका. तो बिचारा जे दिलं ते जाळतो.”

पद्मनाभांनी वकिली सुरू केली, की नमुन्याची मागणी तर सल्लागारांच्या सहीनं गेली होती. सगळ्यांच्या माना शाल्मलीकडे वळल्या. ती दुसऱ्या रांगेत होती. तिचे साहेब शेजारी बसून तिच्याकडे ‘बसून राहा’ असं डोळ्यांनी बजावत होते. ती उठली.

“सर, ते चॅप्टर मी लिहिलंय. अॅनेक्शर मी वाचलंच नव्हतं. पोतं भरताना आमचं कुणीही तिथे नव्हतं. माझी चूक आहे. परत सँपल घ्या, मी स्वतः जाईन.”

बैठक तिथंच मोडली. वीज येईपर्यंत थांबलं असतं तर कदाचित कुणी काही सारवासारव केली असती, पण ती चार वाजेपर्यंत आली नाही.

जयतीर्थांनी बाहेर आल्यावर गुंडूला सांगितलं, की उद्यापासून कामावर येऊ नकोस. गुंडू घरी गेला. मालन म्हणाली, “लिहा म्हटलं होतं, उभं राहून वाचून दाखवा नव्हतं म्हटलं.” पण त्या दिवशी तिनं त्याच्यासाठी झुणका केला, भरपूर लसूण घालून.

चौथ्या दिवशी जयतीर्थ पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः दारात. समितीचं पत्र आलं होतं. नवा नमुना दोन्ही पक्षांसमोर घ्यायचा आणि घेणारा गुंडू हुक्केरीकरच पाहिजे. शिवाय तीन कारखान्यांनी आपला कोळसा पाठवला होता, तपासणीवर याचीच सही हवी असं लिहून. “गुंडू,” जयतीर्थ पुडा पुढं करत म्हणाले, “झालं गेलं. माझं बीपी वाढलं होतं.”

मग गुंडू आणि शाल्मली रेल्वेनं उत्तरेकडच्या त्या औष्णिक केंद्रावर गेले. कंपनीचा एक माणूसही बरोबर होता. तो पूर्ण वेळ सावलीत उभा राहिला. गुंडू कोळशानं भरलेल्या रेल्वेच्या वाघिणीवर चढला. शाल्मली सलवार खोचून त्याच्यामागं चढली, फावडं हातात घेऊन. वर, मध्ये, तळाशी, ठरल्या जागी खणून त्यांनी माल काढला. उन्हानं कोळसा तव्यासारखा तापला होता. दुपारपर्यंत दोघांचे फक्त दात ओळखू येत होते.

“काका, तुम्ही एवढं का लावून धरलंत?” तिनं विचारलं. ‘सर’चं ‘काका’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. “तुमचा काय फायदा होता?”

“फायदा?” गुंडूनं विचार केला. “कौल फार बेअक्कल होतं गं. नुसती खडी घातली असती तर मीही गप्प बसलो असतो की काय, देव जाणे. खरं कौल म्हणजे मला मूर्खात काढणं झालं.”

परतताना ते राखेच्या तळ्याजवळून गेले. केंद्रातली राख पाण्यातून वाहून तिथं साठवत होते. तळं सुकलं होतं आणि वारा सुटला होता. रस्त्याकडेला गंगव्वा नावाची बाई चहा विकत होती. ती कपावर बशी पालथी घालूनच चहा द्यायची. गुंडूनं ऐटीत बशी काढली आणि गप्पा मारायला लागला. दोन मिनिटांत चहावर करडी साय धरली.

“झाकण काढलं की असंच होतं,” गंगव्वा म्हणाली. “तुमच्या बंगळुरात दिवा लागतो, आमच्या चहात राख पडते. भाकरीत, अंथरुणात, पोराच्या नाकात. कोळसा बघायला साहेब येतात. राख बघायला तुम्हीच पहिले, तेही चुकून.”

गुंडूनं बशी परत कपावर पालथी घातली. शाल्मलीनं वही काढली, आपला तक्ता बघितला आणि हळूच म्हणाली, “काका, त्र्याण्णव पैशांत हे कुठल्याच कॉलममध्ये नाहीये.”

गुंडूनं तो चहा पिऊन टाकला, राखेसकट. नाही म्हणायला त्याला लाज वाटली.

नव्या नमुन्याचा आकडा साडेतीन हजारांवर गेला. दुसऱ्या बैठकीत कोळसेवाले सरसावून बसले होते. गुंडू आता आपला माणूस, असं त्यांना वाटत होतं. हयवदन रावांनी आकडा ऐकला आणि विचारलं, “अजून काही सांगायचंय?” गुंडू म्हणाला, “आहे, सर. कोळसा स्वस्त आहे हे खरं. पण तो स्वस्त आहे कारण गंगव्वाच्या चहाचा खर्च कुणी धरलाच नाही. तोही लिहा.” आणि त्यानं चहाची गोष्ट सांगितली. कोळसेवाल्यांचे चेहरे पडले. आता त्याच्यावर दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या. गुंडूला तेवढंच बरं वाटलं.

निकाल लागला तो असा. नाफ्थ्याचं केंद्र मंजूर झालं, मागितलं होतं त्याच्या निम्म्या आकाराचं. कारण हयवदन रावांनी उघड सांगितलं: कोळशाचं केंद्र उभं राहायला पाच वर्षं लागतात, नाफ्थ्याचं दीड वर्षात होतं, आणि शहर आज अंधारात आहे. मात्र कोळशाचा खरा आकडा आणि राखेची टिपणी दोन्ही अहवालात राहतील. गुंडूला राग यायला हवा होता. पण संध्याकाळी मालनला पायट्यावर घाम पुसताना बघून त्याला वाटलं, की म्हातारा अगदीच चुकीचा नाही. खोट्या आकड्यावर बरोबर निर्णय झाला असता, तो आता खऱ्या आकड्यावर झाला. एवढ्यासाठी आपण तोंड काळं करून आलो, हे मालनला कसं समजवावं ते मात्र त्याला जमेना.

कौल कुणी घातलं याची चौकशी झाली. कंपनीनं कंत्राटदाराकडं बोट दाखवलं, कंत्राटदारानं ड्रायव्हरकडं. ड्रायव्हर नागराज म्हणाला, पोतं भरताना वीज गेलेली होती, काय पडलं ते दिसलं नाही. चौकशी अधिकाऱ्यानं हे कारण ग्राह्य धरलं. त्या वर्षी बंगळुरात कुठल्याही गुन्ह्याला ते चाललं असतं.

पुढं नाफ्थ्याचा भाव बाहेरच्या बाजारात चढत गेला, पैसे देणाऱ्यांनी हात आखडला, आणि सर्जापूर रोडच्या पुढं कंपनीचं फक्त कुंपण आणि एक सुंदर फाटक उभं राहिलं. त्यातून गुरं जा-ये करायची. पद्मनाभ मोबाइल फोनच्या धंद्यात गेले. शाल्मलीनं सल्लागार कंपनी सोडली आणि हैदराबादला राखेच्या विटा करायच्या उद्योगात शिरली; तिथून तिनं गुंडूला एक वीट पार्सलनं पाठवली. पोस्टमननं ती देताना विचारलं, आत काय आहे. गुंडू म्हणाला, “प्रेमपत्र.” मालननं ती मशीनच्या पायाखाली ठेवली, मशीन डुगडुगायचं थांबलं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याला व्हाइटफील्डच्या एका आयटी पार्कमध्ये डिझेल तपासायला बोलावलं. तळघरात सात जनरेटर होते, प्रत्येक ट्रकएवढा, आणि सातही धडधडत होते. वर काचेच्या इमारतीत थंडगार हवेत पोरं अमेरिकेचं काम करत होती. व्यवस्थापक म्हणून असलेला पोरगेला मराठी इंजिनियर नागपूरचा होता. गुंडूनं कानावरची पेन्सिल काढून तिथंच भिंतीवर हिशेब मांडला.

“तुम्हाला युनिट चार रुपयाला पडतंय. नुसतं तेल.”

“हो का?” इंजिनियर घड्याळ बघत म्हणाला. “नो इश्यू, सर. वीज गेली तर क्लायंट जातो. चारचे सहा झाले तरी चालेल.”

ज्या पैशांसाठी माणसांनी पोत्यात कौल घातलं होतं, ते इथं कुणी वाकून उचललेही नसते. त्यानं डिझेलची बाटली दिव्यापुढं धरून हलवली. माल चोख होता. तसं त्यानं लिहून दिलं, सही केली, आणि तपासणीची फी जयतीर्थांना न विचारता दुप्पट लावली.